वस्तीची हवा मोजणारे छोटे यंत्र : सहा महिन्यांच्या वापरानंतर

हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजणारे एक छोटे यंत्र मी गेले सहा महिने आमच्या वस्तीत वापरत आहे. या पेटीतला लहानसा पंखा बाहेरची हवा ओढून घेतो, तिच्यावर लेसरचा झोत पडतो आणि कणांमुळे प्रकाश किती विखुरला यावरून पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कणांचे प्रमाण ठरवले जाते. कणांचे वजन येथे प्रत्यक्ष होत नाही, ते अनुमानाने काढले जाते. हवा दमट झाली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच वाढतो. सुरुवातीला धुक्याच्या पहाटे मी घाबरून खिडक्या लावून घेत असे. आता फार दमट वेळेच्या नोंदी मी बाजूला ठेवतो.

एरवी तुलनेसाठी यंत्र उपयोगी आहे. रस्त्याच्या टोकाला कचरा पेटवला की थोड्याच वेळात आकडा चढतो आणि धूर डोळ्यांना दिसेनासा झाल्यावरही लगेच उतरत नाही. आठवडाभराच्या नोंदी शेजाऱ्यांपुढे ठेवल्या, तेव्हा ‘थोडा पालापाचोळाच तर जाळतो’ म्हणणारेही विचारात पडले. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सुचवलेली १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही पातळी २४ तासांच्या सरासरीसाठी आहे. सोबतचे ॲप क्षणाक्षणाच्या आकड्याला लाल-हिरवा रंग देते आणि त्यामुळे लोकांची दिशाभूल होते.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. हमरस्त्याला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या खोल्या आणि आतल्या गल्लीतली घरे यांच्या आकड्यांत या यंत्राला फारसा फरक दिसला नाही. पीएम २.५ दूरवरून येऊन शहरभर पसरते, म्हणून तसे घडू शकते. परंतु वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण रस्त्यालगत दाट असतात व अंतराबरोबर झपाट्याने विरळ होतात. वायू हे यंत्र मोजतच नाही आणि साधारण ०.३ मायक्रॉनहून लहान कण त्याच्या लेसरला जवळजवळ दिसत नाहीत. भाडे परवडते म्हणून ज्यांनी रस्त्याकडेची खोली घेतली, त्यांनाच हा आकडा खोटा दिलासा देतो. मीही एका घरी तो दिला होता, याचे मला फार वाईट वाटते. पेटीवर ही मर्यादा ठळक छापायला हवी होती.

पंख्यात धूळ साचते, त्यामुळे अधूनमधून सफाई करावी लागते. घ्यायचेच असेल, तर चार घरांनी मिळून दोन यंत्रे घ्यावीत, ती आठ दिवस शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांतला आपसातला फरक टिपून घ्यावा आणि मगच ती दोन ठिकाणी लावावीत.