किन्नौर की स्पिती? माझं मत झोपेने ठरवलं

हिमाचलच्या वरच्या अंगाला जायचं ठरलं की गाडी या दोन नावांवर येऊन अडते. फोटो बघून निवडायचं तर स्पितीच, वादच नाही. ताबोचा मठ इ.स. 996 चा. बाहेरून नुसता मातीचा ढिगारा वाटतो. आत डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरच्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसायला लागतात. लांग्झाच्या उघड्याबोडक्या डोंगरात मटारच्या शेतांची तेवढी हिरवी पट्टी. किन्नौरकडे याला तोड नाही, हे आधीच मान्य करतो.

किन्नौर भरल्या घरासारखा आहे. सफरचंदाच्या बागा, देवदार, लाकूड-दगडाची देवळं. कल्प्यात खोलीबाहेर आलात की समोर किन्नर कैलास, 6,050 मीटर. सांगला खोऱ्यात रकछमला पावसाळा सरता सरता कुट्टूची (बकव्हीटची) शेतं गुलाबी होतात आणि शेतात राबणाऱ्या बायकांच्या डोक्यावरही हिरव्या मखमली पट्टीची किन्नौरी टोपी असतेच. खटकतात ते जलविद्युत प्रकल्प. करछमच्या आसपास सतलज बघावीशी वाटत नाही. दरडींचा धोकाही खरा आहे. 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये बटसेरी आणि निगुलसरीला माणसं गेली. त्या दोन महिन्यांत मी तरी कोणाला जा म्हणणार नाही.

तरी माझं पारडं किन्नौरकडे झुकलं ते झोपेमुळे. स्पितीचं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर. दिवसा काही वाटत नाही, गोळी घेतली की डोकंही शांत. रात्री डोळा लागतो न लागतो तोच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकून जाग येते. विरळ हवेत आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग शरीर क्षणभर श्वास घ्यायचंच विसरतं. रात्रभर हाच खेळ. सकाळी किब्बर, हिक्कीम, कोमिक अशी आसपासच्या गावांची यादी हातात असते आणि माणूस जीपमध्ये पेंगत बसतो. चार पावलं चढलं की धाप, म्हणून पायी भटकणंही बेतानेच. सगळ्यांना हा त्रास होत नाही, माझ्या सोबतचे काही जण मजेत घोरत होते. पण कल्पा तीन हजारांच्या आतबाहेर आहे. तिथे मी गाढ झोपलो आणि सकाळी बागांमधून रोघीपर्यंत चालत गेलो. सुट्टीत मला हेच हवं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मनालीहून स्पितीत येणाऱ्या वाटेवरची कुंझुम खिंड बहुधा जूनच्या सुमारास उघडते. म्हणजे मेमध्ये स्पितीला गेलात तर आल्या वाटेने, किन्नौरमधूनच परत. मग तिथेच मुक्काम वाढवलेला काय वाईट? ओसाड डोंगरांची हौस नाको गावात बरीचशी भागते. तळं आहे, जुना गोंपा (बौद्ध मठ) आहे, आणि नाको हेही किन्नौरच.

स्पितीच डोक्यात बसली असेल तर निदान शिमल्याच्या बाजूने शिरा. कल्पा, मग ताबो, मग काझा. मनालीहून एका दिवसात काझा गाठायच्या भानगडीत पडू नका. आणि आई-वडील बरोबर असतील तर सरळ सांगला आणि कल्प्याचं बुकिंग करून टाका.