दोन्ही नळ्या पिवळ्याच

आमच्या घरी दोन फुटांची काचेची टाकी आहे, साधारण 55 लिटरची. लेकीनं हट्टानं घ्यायला लावली. आत सहा गोल्डफिश. उन्हाळाभर शेतातल्या विहिरीचं पाणी आणून टाकत होतो, काही त्रास नव्हता. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली आणि नळाचं पाणी वापरायची पाळी आली. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, पावसाळ्यात जरा जास्तच. माणसांसाठी ते गरजेचं, पण त्यातल्या क्लोरीननं माशांचे कल्ले जळतात. म्हणून यवतमाळला गेलो तेव्हा माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध मागितलं.

दुकानदारानं कंपनीची बाटली दाखवली आणि लगेच बाजूला सारली. "भाऊ, हे महाग पडते. आमचं लूज घ्या, तेच हाय." बिनलेबलची पाव लिटरची बाटली, दीडशे रुपये. बादलीला एक झाकण टाका म्हणाला. बिल मागितलं तर, "एवढ्याशा वस्तूचं काय बिल?"

सांगितलं तसं नळाच्या पाण्यात औषध मिसळलं आणि टाकीतलं निम्मं पाणी बदललं. तासाभरात मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. कल्ल्यांच्या कडा लालभडक. सकाळपर्यंत चार मेले. लेक त्या दिवशी शाळेत गेली नाही, टाकीसमोरून हललीच नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे मासे घाबरले, निळं औषध टाका. त्याचे आणखी ऐंशी रुपये. ते निळं औषध बुरशीवर चालतं, क्लोरीनवर त्याचा काही उपयोग नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या गावात आरोग्यसेवक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघतात. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. त्यांना विनंती केली. एका नळीत नुसतं नळाचं पाणी, दुसरीत त्याच पाण्यात बाटलीतलं औषध. दोन्हीत ओटीचे थेंब पडले आणि दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या झाल्या. औषध दुप्पट केलं, तरी पिवळंच. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सोडियम थायोसल्फेटचा एक बारीक खडा दिला. फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे, तेच हे; अँटीक्लोरीनमध्ये सहसा हेच असतं. तो विरघळवलेल्या नळीत रंग आलाच नाही. इतक्या स्वस्तातली वस्तूसुद्धा त्या माणसानं बाटलीत धड टाकली नव्हती, याचाच मला जास्त संताप येतो.

आता मी सीलबंद बाटलीच घेतो. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष छापलेलं नसेल तर हातही लावत नाही. नवीन बाटली आधी ओटीवर तपासून घेतो आणि तपासलेलं पाणी मोरीत ओततो, टाकीत नाही. औषध नसेल तर टीसीएलचं पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून पूर्ण दिवसभर ठेवतो, क्लोरीन उडून जातं. बोअरच्या पाण्यात पावडर पडत नसेल तर हे औषध लागतच नाही. "पाण्याचा खारेपणाही जाते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यानं क्षार जात नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करता येतो, पण माझ्या हाती बिलच नव्हतं. परवा त्याच दुकानावरून गेलो. काउंटरवर तशाच बाटल्यांची रांग होती, आणि एक पोरगा त्यातल्या दोन पिशवीत टाकत होता. तो बाहेर येईपर्यंत थांबलो आणि त्याला रस्त्यावरच सगळं सांगितलं.