तीन वेळा रद्द झालेले विमान आणि कराडच्या नाक्यावर उतरवणारी बस

बेंगळुरूहून पुण्याला जाणाऱ्या एका स्वस्त विमान कंपनीचा आणि त्यानंतर नाइलाजाने धरलेल्या कर्नाटक परिवहनच्या बसचा हा अनुभव आहे. सणासाठी गावी जाणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्यासोबत वयस्कर माणूस आहे त्यांना, तो उपयोगी पडेल असे वाटते. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही.

आई गुडघ्याच्या उपचारांसाठी चार महिने माझ्याकडे बेंगळुरूला होती. रविवारी गौरींचे आवाहन आणि सोमवारी पूजन असल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने पुणे आणि तिथून गाडीने कराड, असे आम्ही ठरवले होते. दीड तासाच्या विमानप्रवासानंतर पुण्याहून दक्षिणेकडे पुन्हा सुमारे एकशे साठ किलोमीटर यावे लागते, पण आईच्या गुडघ्याला रात्रभर बसमध्ये बसणे सोसणार नाही, असे मी गृहीत धरले होते.

गुरुवारी दुपारी मेसेज आला की शुक्रवारचे विमान रद्द झाले असून आम्हाला शनिवारी सकाळच्या विमानात जागा दिली आहे. याबद्दल माझी तक्रार नाही. एक दिवस आधी कळले, दुसरे विमान मिळाले आणि आवाहनही हाती होते. शनिवारी पहाटे टॅक्सीने केंपेगौडा विमानतळावर पोहोचलो, आईसाठी व्हीलचेअर मिळाली, सुरक्षा तपासणी झाली आणि विमान सुटायला पन्नास मिनिटे उरली असताना फलकावर ‘रद्द’ असे उमटले. काउंटरवरच्या मुलीने ‘ऑपरेशनल कारण’ एवढेच सांगून रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या विमानाचे बोर्डिंग पास हातात ठेवले. हे तरी नक्की जाणार का, असे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘हो मॅडम’ हेच उत्तर मिळाले. त्याच वेळी फोनवर पाहिले तर त्या रात्रीच्या पुण्याच्या ‘ऐरावत’मध्ये, म्हणजे कर्नाटक परिवहनच्या वातानुकूलित बसमध्ये, सहा जागा शिल्लक होत्या. त्या ‘हो’वर विसंबून मी त्या घेतल्या नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त लागले ते हेच.

रात्रीचे विमान आधी अकरा, मग पावणेबारा, मग सव्वाबारा असे पुढे ढकलत गेले. साडेअकराच्या सुमारास आईने वहिनीला फोन लावला आणि गेटसमोरच्या खुर्चीत पाय लांब करून ती आवाहनाची तयारी सांगू लागली. तेरडा कुठून आणायचा, मुखवटे कोणत्या पेटीत आहेत, कुंकवाची पावले दारातून आत येताना काढायची. दर वर्षी जे ती स्वतःच्या हाताने करते ते फोनवरून सांगताना तिचा आवाज शांत होता, मला मात्र ते ऐकवत नव्हते. साडेबाराला विमान रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि पर्याय म्हणून सोमवार संध्याकाळचे विमान देऊ केले गेले. तोपर्यंत पूजन आणि नैवेद्य दोन्ही उरकलेले असते.

विमाने रद्द होतात हे मला समजते. स्वस्त कंपन्यांचे एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम अर्धा तास ठेवलेला असतो. सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो, आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांना नियमाने मर्यादा असल्यामुळे ती संपली की विमान धावपट्टीजवळ उभे असूनही उडू शकत नाही. त्यामुळे दिवसाच्या शेवटच्या फेरीवर सर्वाधिक टांगती तलवार असते. परंतु हे गणित कंपनीला आमच्या कितीतरी तास आधी दिसत असते. संध्याकाळी सहाला जरी खरे सांगितले असते तरी आम्ही मॅजेस्टिक, म्हणजे बेंगळुरूचे मुख्य बसस्थानक, गाठून रात्रीची एखादी बस धरली असती आणि आई रविवारी सकाळी घरी असती. रद्द केल्याचा राग माझा दुसऱ्या दिवशीच ओसरला. शेवटच्या क्षणापर्यंत आशेवर ठेवून आमचे बाकीचे रस्ते बंद केले, ते मात्र मी विसरू शकत नाही.

पैशांबाबत जे शिकले ते सविस्तर लिहिते, कारण काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीने वेळेत कळवले नसेल, तर तिने प्रवाशाला मान्य असेल असे दुसरे विमान द्यायचे किंवा पूर्ण परताव्याखेरीज भरपाई द्यायची असते. प्रवास एक ते दोन तासांचा असेल तर ही भरपाई ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी असते. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ही मर्यादा ५,००० आणि दोन तासांहून लांबच्या प्रवासाला १०,००० रुपये आहे. हवामान, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाई मिळत नाही. म्हणूनच रद्द होण्याचे कारण लेखी मागून घ्यावे. तिकीट एजंटकडून काढले असेल तर त्यात आपला स्वतःचा फोन नंबर आहे ना, हे तपासावे, कारण संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर भरपाईचा हक्क जातो.

मला आधी ‘क्रेडिट शेल’ देऊ केले गेले, म्हणजे पैसे कंपनीकडेच ठेवून पुढच्या तिकिटासाठी वापरायचे. ते घ्यायचे की नाही हे प्रवाशाने ठरवायचे असते, कंपनीने नाही, हे मला माहीत असल्यामुळे मी ठाम नकार दिला. क्रेडिट कार्डावरचा परतावा सात दिवसांत व्हायला हवा होता. तो सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार केल्यानंतर अकराव्या दिवशी आला. भरपाईची तक्रार अजून चालू आहे. टॅक्सीच्या चार फेऱ्यांचे साडेचार हजार रुपये मात्र गेले ते गेलेच.

रविवारी रात्री आठला आम्ही मॅजेस्टिकहून ऐरावतमध्ये बसलो. दोघींचे भाडे मिळून तीन हजार तीनशे रुपये झाले. आसन मागे बरेच झुकते आणि पोटऱ्यांना आधार मिळतो. आईने उशी गुडघ्याखाली घेतली आणि चित्रदुर्गच्या पुढे तिला झोप लागली. जेवणाचा थांबा बरा होता, पण स्वच्छतागृहाच्या पायऱ्या उंच होत्या आणि तिथे तिला धरून न्यावे लागले. गाडीतली थंडीही जास्त वाटली, शाल सोबत हवीच. कंडक्टर रात्रभर कन्नडमध्ये बोलत होते. निपाणी सोडल्यावर, कोगनोळीचा टोलनाका येण्याच्या आधी, ते आमच्याजवळ आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “आजी, कराडला नाक्यावर उतरणार ना? पायरी उंच आहे, मी येतो हात द्यायला.” चार दिवसांत खरी आणि वेळेवर मिळालेली ती पहिली माहिती होती. कोल्हापूरच्या पुढे महामार्गाच्या सहापदरी कामामुळे वळणरस्ते लागले आणि पाऊण तास उशीर झाला, तोही त्यांनी आधीच सांगितला होता.

सकाळी पावणेनऊला आम्ही कोल्हापूर नाक्यावर उतरलो. भाऊ गाडी घेऊन उभा होता. घरी वहिनीने गौरी उभ्या केल्या होत्या, पण साड्यांच्या निऱ्या आईसाठी सैल सोडून ठेवल्या होत्या. आईने हातपाय धुऊन आधी त्या चोपून बसवल्या आणि मग चहा घेतला.

दिवाळीनंतर ती पुन्हा तपासणीसाठी बेंगळुरूला येणार आहे. तिचे जाण्यायेण्याचे तिकीट मी ऐरावतचेच काढले आहे, पाय लांब करता येईल अशी पुढची जागा पाहून.