नवा गिम्बल बसवला म्हणाले, कॅमेरा मात्र माझाच निघाला

जानेवारीत कराडजवळच्या आमच्या शेतात ऊसतोड चालू होती. वडिलांचे गुडघे दुखतात, फडापर्यंत येणं त्यांना जमत नाही. त्यांना घरबसल्या तोड दाखवावी म्हणून मी ड्रोन उडवला. डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी 2, वजन 249 ग्रॅम, माझ्याकडे 2021 पासून आहे. उतरवताना तो बांधावरच्या आंब्याच्या फांदीला लागला आणि सात-आठ फुटांवरून नाकावर पडला. दोन प्रोपेलर तुटले, ते मी तिथेच बदलले. कॅमेरा मात्र मान लचकल्यासारखा एका बाजूला कलला होता.

झालं काय होतं ते आधी सांगतो, कारण ते मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. ड्रोन हलला तरी कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा म्हणजे गिम्बल. त्याला तीन मोटरी असतात आणि त्यांना जोडणारे धातूचे छोटे हात असतात. आपटल्यावर बहुतेकदा वाकतो तो वरचा, ज्याला यॉ आर्म म्हणतात. हात वाकला की कॅमेऱ्याचा तोल जातो, मोटर त्याला सरळ धरायला झटत राहते आणि अ‍ॅपमध्ये ‘गिम्बल मोटर ओव्हरलोड’ असा इशारा येतो. सोबत कॅमेऱ्याचं चित्र वाहून नेणारी बारीक केबल असते. ती फाटली तर चित्रच येत नाही. माझ्या ड्रोनचं चित्र स्वच्छ येत होतं. म्हणजे कॅमेरा आणि केबल दोन्ही शाबूत होते, बिघाड फक्त हातात होता.

फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग त्यातून वगळले आहेत, पण ते कुठून येतात आणि अस्सल किती, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. अधिकृत दुरुस्ती केंद्र मला जवळपास सापडलं नाही. शेवटी पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला कुरियर केला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “सर, कॅमेऱ्याची आतली प्लेट गेलीय. अख्खी असेम्ब्ली बदलावी लागेल. शेवटचा एकच पीस आहे, आज अ‍ॅडव्हान्स टाकलात तर ठेवतो.” साडेचौदा हजार. मी म्हटलं, चित्र तर नीट येतंय. तो म्हणाला, “आत्ता येतंय सर, हवेत बंद पडलं तर ड्रोनच जाईल.” त्या वाक्याला मी घाबरलो आणि सगळे पैसे यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी आल्या: ‘नवीन गिम्बल कॅमेरा असेम्ब्ली, लेबरसह.’ जुना भाग परत पाठवा म्हटलं, तर कंपनीला जमा करावा लागतो असं उत्तर मिळालं. इथेच मला थांबायला हवं होतं. पैसे मोजून बदललेला भाग आपला असतो, तो द्यायला खळखळ करणाऱ्याकडे वस्तू ठेवू नका.

ड्रोन परत आला. पहिल्याच उड्डाणात क्षितिज डावीकडे झुकलेलं आणि सगळा व्हिडिओ जेलीसारखा थरथरत होता. फोन केला तर म्हणे, सपाट जागेवर ठेवून अ‍ॅपमधून ऑटो कॅलिब्रेशन करा, म्हणजे गिम्बल आपोआप सरळ होईल. तीनदा केलं, फरक शून्य.

मग इस्लामपूरला एका मित्राकडे गेलो. तो लग्नाचं शूटिंग करतो आणि स्वतःचे ड्रोन स्वतः उघडतो. त्याने भिंग लावलं आणि मला बोलावलं. “हे बघ.” यॉ आर्मवर पकडीच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. जुनाच हात पकडीने सरळ केला होता, तोही पुरता नाही. त्याहून वाईट म्हणजे गिम्बल ज्या रबरी डॅम्परवर टांगलेला असतो, त्यातला एक फाटला होता आणि तो फेविक्विकने चिकटवला होता. मोटरींची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून ते रबर असतं. ते कडक झालं की थरथर थेट सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर जाते. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि जेली दिसते.

तरी कॅमेरा नवा असेल, अशी मला आशा होती. मित्राने विचारलं, जुने रात्रीचे फोटो आहेत का? दिवाळीचे होते. ते मोठे करून पाहिल्यावर काळोखात एक लाल ठिपका दिसला, सेन्सरवरचा एक बिघडलेला पिक्सेल. 4000 बाय 3000 च्या फोटोत डावीकडून 1206 वा, वरून 844 वा. मग कॅमेऱ्यावर काळं फडकं टाकून, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवून नवा फोटो काढला. ठिपका त्याच जागी. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत नेमका तोच पिक्सेल बिघडलेला असणं शक्य नाही. साडेचौदा हजार देऊन मला माझाच कॅमेरा परत मिळाला होता.

दुरुस्तीवाल्याला दोन्ही फोटो पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी नंबर ब्लॉक. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा गेल्यावर त्याने सहा हजार परत केले आणि ‘प्रकरण मिटलं’ असं लिहून मागितलं. मी दिलं नाही. रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्जाला शुल्क लागत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. अर्ज भरला आहे. सोबत त्याच्या दोन ओळी, यूपीआयची पावती, पकडीच्या खुणांचे फोटो आणि ते दोन लाल ठिपके जोडले आहेत.

मित्राने नवा यॉ आर्म आणि रबरं मागवून बसवली. सगळं मिळून सतराशे रुपये आणि एक रविवारची दुपार. आता कुणी ड्रोन दुरुस्तीला द्यायचा म्हणून मला फोन केला, तर मी आधी फडकं टाकून एक काळा फोटो काढून ठेवायला सांगतो, आणि यॉ आर्मच्या आतल्या बाजूला सुईने एक बारीक खूण करायला.