पोत्यावरची पट्टी आणि खाणीतले वास्तव

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागातील कोल्टन (इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या टँटलम धातूचे खनिज) आणि कथील यांचा माग ठेवणाऱ्या ‘आयटीएससीआय’ या सेवेची रचना कागदावर सुटसुटीत आहे: खाणीवर पोत्याला क्रमांकित पट्टी लागते, व्यापाऱ्याकडे दुसरी, आणि दोन्हींची नोंद वहीत होते. काँगो परिसरातील अशा खनिजांच्या वापराची माहिती कंपन्यांना जाहीर करायला लावणाऱ्या, २०१० च्या अमेरिकी डॉड-फ्रँक कायद्यातील कलम १५०२ नंतर परदेशी खरेदीदार काढता पाय घेत असताना या व्यवस्थेने हाताने खोदणाऱ्यांचा बाजार काही अंशी उघडा ठेवला, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. मात्र पट्टी पोत्याला असते, आतल्या मातीला नव्हे. दुसऱ्याच खाणीचा माल त्यात भरला, तर ती काय सांगणार? ‘ग्लोबल विटनेस’ या शोधकार्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने २०२२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता, ‘आयटीएससीआय’ने तो फेटाळला.

एप्रिल २०२४ मध्ये ‘एम२३’ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतील रुबाया हे कोल्टन खाणींचे गाव ताब्यात घेतले. तेथील कोल्टनवरील वसुलीतून या बंडखोरांना दरमहा सुमारे ८ लाख डॉलर मिळत असल्याचे आणि माल रवांडात जाऊन तिथल्या उत्पादनात मिसळत असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले. सीमेपलीकडे ओळखच पुसली जात असेल, तर या सेवेला पाचपैकी दोनहून अधिक गुण देणे मला जमणार नाही.