फजसाठी नाचणी सत्त्व: एका पाकिटाचे परीक्षण

लहान मुलांच्या खिरीसाठी विकले जाणारे नाचणी सत्त्व चॉकलेट फजमध्ये घालावे, ही सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु कोकणातील एका महिला बचत गटाचे सत्त्व वापरून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, घरगुती फजमध्ये एखादे पौष्टिक पीठ घालायचेच असेल, तर ते हेच असावे. मात्र पाकिटावर छापलेल्या कारणासाठी नव्हे.

फजची खरी परीक्षा जिभेवर होते. साखरेचा पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत आटवायचा, तो न ढवळता कोमट होऊ द्यायचा आणि मगच घोटायचा, ही मूळची अमेरिकी पद्धत. अशा घोटण्याने साखरेचे कण इतके बारीक राहतात की ते जिभेला जाणवत नाहीत. कंडेन्स्ड मिल्क व चॉकलेट घेऊन केलेल्या सोप्या फजकडूनही, लोणावळ्याचा अक्रोड फज खाल्लेल्या माणसाची अपेक्षा तीच असते. नाचणीचे साधे पीठ इथे कमी पडते, कारण कोंड्याची खरखर मागे राहते. हे सत्त्व मोड आणून, सुकवून, दळून वस्त्रगाळ केलेले असल्याने वडीत पूर्णपणे मिसळून जाते.

मी १०० ग्रॅम सत्त्व चार चमचे तुपात मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजते, त्यात अर्धी वाटी कोमट दूध घालून गुठळ्या मोडते आणि मग कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओतते. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की आच बंद करून २०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे, भाजलेले अक्रोड आणि चिमूटभर मीठ मिसळते. चॉकलेट आचेवर असताना घालू नये, कारण तापून त्याचे तूप सुटते. भाजणीची काळजी मात्र मनापासून घ्यावी. सत्त्व कच्चे राहिले तर त्याचा पिठूळ वास चॉकलेटनेही झाकला जात नाही. नीट भाजले, तर तोच मातकट खमंगपणा चॉकलेटच्या कडवटपणाला इतका शोभतो की वेगळ्या इसेन्सची गरजच उरत नाही.

पाकिटावर ‘कॅल्शियमने परिपूर्ण’ असे ठळकपणे लिहिले आहे, आणि त्याविषयी माझा आक्षेप आहे. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे खरे. परंतु त्याचा मोठा वाटा सालीत असतो, आणि गाळताना हा कोंडाच वेगळा होतो. सगळे कॅल्शियम टिकले असे धरले, तरी २५ वड्यांत वाटल्यावर नाचणीतून प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १४ मिलिग्रॅम येते. शिवाय कंडेन्स्ड मिल्कचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. सत्त्वाचा खरा लाभ निराळा आहे: वडीला घट्टपणा त्यातून मिळत असल्याने चॉकलेट बरेच कमी लागते आणि गोडी आटोक्यात राहते.

पाकिटावर दळल्याची तारीख नाही, ही उणीव मला गंभीर वाटते, कारण जुन्या सत्त्वाला खवट वास येऊ लागतो. पाकीट पुन्हा बंद करण्याची सोयही नाही. घरी आणताच सत्त्व कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे. एवढे सांभाळल्यास फजसाठी हे सत्त्व अवश्य घ्यावे. ज्यांना नाचणीचे पोषणच हवे आहे, त्यांनी मोड आणलेले न गाळलेले पीठ घेऊन त्याची भाकरी किंवा आंबील करावी.