नागासाकीचं २६ रक्तसाक्ष्यांचं म्युझियम : वसईकरांनी तर जायलाच हवं

पाचपैकी पाच स्टार. आम्ही वसईचे, लहानपणापासून या २६ रक्तसाक्ष्यांतला, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्यांतला, संत गोन्सालो गार्सिया म्हणजे घरचाच माणूस, गासच्या चर्चला त्याचं नाव, कॉलेजला त्याचं नाव, त्यामुळे डोक्यात तो कायम एकटाच उभा असायचा. आणि ६ फेब्रुवारीला, या २६ जणांच्या सणाला, चर्चमधल्या मिस्सात (प्रार्थनेत) 'संत पॉल मिकी आणि सोबती' (मिकी हा त्यांच्यातलाच एक जपानी) असं ऐकलं की खरं सांगते, वाईट वाटायचं, आपल्या गोन्सालोचं साधं नावपण नाही, तो नुसता सोबत्यांत.

मग नागासाकीत म्युझियम आहे त्या निशिझाका टेकडीवर गेले. बाहेरच लांबलचक भिंत आहे आणि तिच्यात ब्राँझचे २६ जण एका ओळीत, १९६२ मध्ये फुनाकोशी नावाच्या शिल्पकाराने केलेले. क्रूस कुठेच दाखवलेला नाही. पाय बघा फक्त, जमिनीला टेकलेलेच नाहीत, बोटं खाली लोंबतायत. मध्येच तीन जण एकदम बुटके दिसतात, ती पोरं आहेत, लुईस इबाराकी १२ वर्षांचा, आंतोनियो १३, थॉमस कोझाकी १४. माझा मुलगा आठवीत आहे, मला तिथून हलताच येईना.

आमच्या टूरवाल्याने अर्धाच तास दिलेला, तो भिंतीपुढेच संपला, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच परत आलो आणि आत नीट फिरलो. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या हुकमाने क्योटोत यांच्यातल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत आणलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला याच टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्याने मारलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेजुइट (हे दोन्ही ख्रिस्ती संन्याशांचे संघ), बाकी १७ साधी जपानी माणसं. फ्रान्सिस्कनांत मेक्सिकोचा फिलिप आहे आणि आपला गोन्सालो, ज्याला जपानी चांगलं यायचं म्हणून दुभाषा म्हणून आणलेला. पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली तेव्हा लोकांनी लपवून ठेवलेल्या मारिया कान्नोनच्या मूर्ती आहेत, दिसायला कान्नोन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी, पण त्यांच्यासाठी ती मरियामाताच, त्या अजिबात चुकवू नका.

काउंटरवरच्या बाईंना मी मोबाईलवर वसईचा नकाशा दाखवला, 'गार्सिया' म्हटलं, तर त्या उठून बाहेर आल्या आणि भिंतीतला आमचा गोन्सालो बोटाने दाखवला. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मला तो तिथे एकटा नाही हे इतकं बरं वाटलं ना, आता 'आणि सोबती' ऐकलं की ती ओळच डोळ्यांपुढे येते.

वेळ असेल तर ओउरा चर्चपण बघा, १८६४ चं, याच २६ जणांच्या नावाने बांधलेलं आणि तोंड निशिझाकाकडे. म्युझियम नागासाकी स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, पण चढ आहे, सोबत म्हातारी माणसं असतील तर सावकाश जा.